ड्युटी लिस्ट ॲपवर गेली आणि वॉर्डात रोज वाद – शिफ्ट लावायचं सॉफ्टवेअर कोणी वापरतंय का?

वॉर्डवाली_ताई | ८ जून २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ४० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात मी सिस्टर इन्चार्ज आहे, १९ वर्षं झाली. दर महिन्याच्या २५ तारखेला घरची जेवणं आटपली की मी मोठं रजिस्टर, पट्टी, पेन्सिल, खोडरबर घेऊन बसायचे आणि दोन-तीन रात्रींत पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट तयार व्हायची. आमच्याकडे मॉर्निंग ८ ते २, इव्हनिंग २ ते ८ आणि नाईट रात्री ८ ते सकाळी ८.

मे महिन्यापासून मॅनेजमेंटने शिफ्ट लावायचं एक ॲप घेतलंय. स्टाफची नावं भरा, कुठल्या शिफ्टला किती जणी लागतात ते भरा, बटण दाबा, लिस्ट तयार, आणि प्रत्येकीच्या मोबाईलवर आपोआप जाते. ऐकायला छान वाटलं आणि खरं सांगते मला आनंदच झाला होता, कारण त्या दोन-तीन रात्री माझं डोकं फुटायची वेळ यायची.

पण झालं काय, पहिल्याच लिस्टमध्ये एका सिस्टरला ५ तारखेची नाईट आणि ६ तारखेची इव्हनिंग. म्हणजे ६ ला सकाळी ८ ला ती उतरणार आणि दुपारी २ ला परत हजर. दुसरीला एक दिवस नाईट, एक दिवस रिकामा, परत नाईट, परत रिकामा, असं चार वेळा. नाईट उतरून जो दिवस झोपण्यात जातो तोच तिचा वीकली ऑफ म्हणून धरला. आयसीयूत दोन्ही नव्या मुली एकत्र नाईटला, एकीला सहा महिने झालेत आणि एकीला तीन. आणि एक सिस्टर आडगावाहून येते तिला नऊ इव्हनिंग, तिच्या गावाला शेवटची एसटी पावणेआठला निघते.

मी हे सांगितलं तर उत्तर मिळालं की सगळ्यांना नाईट सारख्या आल्यात, नियमात बसतंय, तुम्हाला जुनी सवय आहे म्हणून त्रास होतोय. सवयीचा प्रश्न नाहीये हो. रात्री तीन वाजता पेशंट बिघडला तर तिथं कोण उभं आहे याचा प्रश्न आहे. तुमच्यापैकी कोणी असं काही वापरतं का, आणि हे नीट करता येतं का, की रजिस्टरच बरं?

भोसरीकर | ९ जून, सकाळी ८:०५

ताई, मी भोसरी एमआयडीसीत टाइम ऑफिसला आहे, म्हणजे कामगारांची हजेरी आणि शिफ्ट बघतो. आमच्याकडे फर्स्ट, सेकंड, थर्ड, वर जनरल, आणि गुरुवारी बंद. २०१९ ला आम्ही कागदावरून सॉफ्टवेअरवर गेलो तेव्हा पहिले तीन महिने असाच गोंधळ होता. आमचा घोळ बसचा होता, कंपनीची बस तीन रूटला जाते, सॉफ्टवेअरने माणसं मशीनप्रमाणे बरोबर लावली पण एका रूटवर सेकंड शिफ्टला फक्त दोन माणसं, मग दोन माणसांसाठी रात्री साडेअकराला बस सोडायची का? जुन्या टाइमकीपर मामांना हे माहीत होतं, ते एका गावची माणसं एका शिफ्टला घालायचे आणि आम्हाला वाटायचं ते ओळखी बघून लावतात. ते रिटायर झाल्यावर कळालं की त्यांच्या डोक्यात अख्खा बसचा नकाशा होता.

सॉफ्टवेअर टाकून देऊ नका. तुमच्या डोक्यात जे आहे ते आधी कागदावर उतरवा, सगळं, अगदी फालतू वाटलं तरी. त्यातलं ॲपला किती सांगता येतं ते नंतर बघू.

कोथरूडचा_कोडर | ९ जून, दुपारी १:२०

हा प्रश्न आमच्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे, नावच मुळी नर्स शेड्युलिंग प्रॉब्लेम. १९७० च्या दशकापासून लोक यावर डोकं लावतायत. गूगलचं ओआर-टूल्स म्हणून फुकट मिळणारं एक साधन आहे, त्याच्या माहितीपत्रकात शिफ्ट लावायचं उदाहरण दिलंय तेसुद्धा नर्सेसचंच. अवघड का आहे सांगतो. समजा १२ जणी आहेत, ३० दिवस आहेत आणि प्रत्येक दिवशी प्रत्येकीला चारपैकी एक गोष्ट मिळणार, मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट किंवा ऑफ. तर याद्या किती होऊ शकतात? ४ चा ३६० वा घात, म्हणजे २१७ आकडी संख्या. त्यामुळे तुम्ही दोन-तीन रात्रींत जी चालण्यासारखी यादी काढायचात ते खरोखर मोठं काम आहे, हे मनापासून म्हणतोय.

आता तुमच्या ॲपचं काय चुकतंय. ५ ची नाईट आणि ६ ची इव्हनिंग, हा मध्यरात्रीचा घोळ आहे. ॲप नाईटला ५ तारखेच्या रकान्यात टाकतं आणि ६ तारीख त्याला कोरी दिसते. तारखा बघण्याऐवजी दोन ड्युट्यांमध्ये किती तास आहेत ते बघायला हवं. सेटिंगमध्ये 'दोन शिफ्टमधली किमान विश्रांती' असं काहीतरी सापडेल, तिथं बहुतेक शून्य किंवा अगदी कमी आकडा असणार. १२ टाका, नाईट उतरल्यावर इव्हनिंग येणं बंद होईल. त्याच दिवशीची परत नाईट मात्र १२ मध्ये बसते, कारण सकाळी ८ ते रात्री ८ बरोबर १२ तास, आणि लागोपाठ नाईट तुम्हाला हव्याच असतील.

दुसरं, नियम दोन प्रकारचे असतात. एक मोडायचेच नाहीत असे, दुसरे जमलं तर पाळा असे. दुसऱ्या प्रकाराला वजन द्यायचं असतं, हे मोडलं तर १० गुण कापा, ते मोडलं तर २. तुमच्या ॲपला कोणीतरी फक्त 'सगळ्यांना नाईट सारख्या' एवढंच सांगितलेलं दिसतंय, बाकी काही सांगितलंच नाही, त्यामुळे त्याने तेवढंच पाळलं.

नाईटवाली | ९ जून, रात्री १०:५५

मी दुसरी बाजू सांगते, राग मानू नका मॅडम. मी स्टाफ नर्स आहे, गाव सांगत नाही. आमच्या इन्चार्ज हातानेच लिस्ट करायच्या आणि आमच्यातल्या तिघी-चौघींना दिवाळीच्या चारही दिवशी ड्युटी, सलग तीन वर्षं. बोललं की पुढच्या महिन्यात नाईट वाढायच्या. विचारलं तर म्हणायच्या अगं तुझं अजून लग्न झालं नाही, तुला काय सण. माझ्या आईला मी दिवाळीत घरी नको होते का? आता आमच्याकडे ॲप आहे आणि मला त्यातलं एकच आवडतं, माझ्या वर्षभराच्या नाईट किती, सणाच्या ड्युट्या किती, हे मला दिसतं आणि बाकीच्यांचंही दिसतं. आधी विचारायचीसुद्धा सोय नव्हती. तुमची लिस्ट चांगली असेलही, पण ती चांगली आहे हे तुमच्या मुलींना कशावरून कळायचं?

वॉर्डवाली_ताई | १० जून, पहाटे ५:३०

नाईटवाली, राग नाही आला. रात्रभर विचार करत होते. माझ्यावरही बोललं गेलंय हे, 'मॅडमच्या जवळच्यांना नाईट कमी'. मला ते खोटं वाटायचं. काल जुनं रजिस्टर काढलं आणि मागच्या वर्षाच्या नाईट मोजल्या, पहिल्यांदाच मोजल्या. एकीच्या ९४ आणि एकीच्या ६१. ६१ वालीचं बाळ लहान होतं म्हणून मी सांभाळून घेत होते, पण बाळ आता अडीच वर्षांचं झालंय आणि माझ्या हाताला तीच सवय राहिली. ९४ वाली कधी तक्रार करत नाही म्हणून तिच्याच नावापुढे एन पडत गेला. हे वाईट झालं माझ्याकडून आणि मी तिला आज सांगणार आहे.

कोथरूडवाले, विश्रांतीचं सेटिंग सापडलं. तिथं ६ होतं. म्हणूनच ८ ला उतरून २ ला चढत होत्या.

लेस्टरची_नर्स | १० जून, सायं. ६:१०

मी मूळची मिरजेची, आता सात वर्षं इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलला. इथं सगळं ई-रोस्टरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्युटी लिस्टवर चालतं. इथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या कारभारावरच्या २०१६ च्या लॉर्ड कार्टर यांच्या अहवालात रोस्टर किमान ६ आठवडे आधी लावा असं सांगितलं होतं, आमच्या वॉर्डात ते बऱ्यापैकी पाळतात आणि त्याने फार फरक पडतो. गावी कोणाचं लग्न ठरलं तरी मी आरामात बघून हो म्हणते. शिवाय दोन शिफ्टमध्ये ११ तास विश्रांती १९९८ पासून कायद्यातच आहे.

पण माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे रोस्टर उघडायच्या आधी प्रत्येकीने ठराविक विनंत्या टाकायच्या, आमच्याकडे चार असतात. चारच, त्यामुळे माणूस विचार करून टाकतो, उगाच आठ-दहा टाकत नाही. मग वॉर्ड मॅनेजर अवघड जागा स्वतः हाताने भरते, कोण इन्चार्ज, नवीनबरोबर कोण, आणि त्या कुलूपबंद करते. उरलेलं सॉफ्टवेअर भरतं. शेवटी परत माणूस बघतं. ताई, सगळी लिस्ट बटणावर सोडायची असं कोणी सांगितलं तुम्हाला? इथंही कोणी सोडत नाही.

अजून एक, शिफ्ट फिरवायची तर मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट अशी पुढे पुढे फिरवा. उलटं फिरवलं तर शरीराला जास्त जड जातं, हे आपल्यापैकी प्रत्येकीने भोगलेलं आहे. आणि एकाआड एक नाईट तर अजिबात नको, झोप ना दिवसाची राहते ना रात्रीची.

भुसावळची_सून | ११ जून, दुपारी ३:१५

विषय थोडा वेगळा पण जवळचाच. मिस्टर लोको पायलट आहेत. रेल्वेत क्रूचं सगळं क्रिस संस्थेने बनवलेल्या सीएमएस नावाच्या सिस्टिमवर असतं, साइन ऑन, साइन ऑफ, विश्रांती किती झाली, सगळं त्यात. ८ तास किंवा जास्त ड्युटी झाली असेल तर हेडक्वार्टरला, म्हणजे नेमणुकीच्या स्टेशनला, १६ तास विश्रांती असा नियम आहे आणि १६ तास व्हायच्या आत त्यांचं नाव पुढच्या गाडीला लागत नाही, हा आधार वाटतो. पण १६ तास म्हणजे घरात १६ तास नव्हेत. लॉबीतून, म्हणजे स्टेशनवरच्या क्रूच्या हजेरीच्या ऑफिसातून घरी यायचं, जेवायचं, झोपायचं, आणि कॉल कधी येईल याकडे एक कान. पोराचा वाढदिवस मी कधी तारखेला केलेला नाही, ज्या दिवशी ते घरी त्या दिवशी वाढदिवस. मशीन तास बरोबर मोजतं, पण दिवसाचे १६ आणि रात्रीचे १६ त्याला सारखेच. तुमच्या लिस्टमध्ये ऑफ देताना एवढं बघा की त्या ऑफमध्ये एक रात्र पूर्ण घरची मिळतेय का.

भोसरीकर | ११ जून, रात्री ९:३०

वरचं वाक्य आमच्या ऑफिसात लावून ठेवण्यासारखं आहे. ताई, तुमचा वीकली ऑफचा घोळ हाच आहे. सकाळी ८ ला उतरली, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला मॉर्निंग, म्हणजे बरोबर २४ तास सुट्टी, कागदावर नियम पाळला. झोपण्यात गेलेला दिवस वेगळ्या नावाने टाका ॲपमध्ये. शिफ्टचे प्रकार वाढवता येत असतील तर 'नाईट उतार' असा नवीन प्रकार करा, शून्य तासांचा, आणि नाईटच्या शेवटी तो यायलाच पाहिजे आणि त्याला ऑफ धरायचं नाही असं सांगा.

कायद्याचंही बघून घ्या. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा हॉस्पिटललाही लागतो, २०२४ च्या नियमाप्रमाणे १० किंवा जास्त कामगार असतील तर. आत्ता २०२४ ला दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, त्यावर गेलं की दुप्पट दराने ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम तीन महिन्यांत १२५ तासांच्या वर नाही. तुमची नाईट १२ तासांची आहे, म्हणजे प्रत्येक नाईटला ९ च्या वरचे ३ तास कुठं मोजले जातायत ते अकाउंटला विचारा. रात्री साडेनऊ ते सकाळी सात बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत पोचवायची सोय हेही त्यात आहे. आडगावाहून येणाऱ्या सिस्टरचा प्रश्न पावणेआठच्या एसटीवर अडकलाय, पण गाडीची सोय झाली तर तिला इव्हनिंग करायला हरकत नसेल, तिलाच विचारा.

वॉर्डवाली_ताई | १२ जून, रात्री ११:१०

तिलाच विचारलं. गाडी मिळाली तर इव्हनिंगच हवी म्हणाली, सकाळी जनावरांचं करून यायला बरं पडतं. आणि मी नऊ वर्षं तिला मॉर्निंग देत होते, तिच्या भल्यासाठी.

सगळ्या जणींना बसवून नियम लिहून काढले. तीन पानं झाली. काही मला माहीतच नव्हते. दोघी बहिणी-बहिणी आहेत, त्यांची आई अंथरुणावर आहे, एकीला मॉर्निंग असेल तर दुसरीला इव्हनिंग हवी. एकीला गुरुवारी डायलिसिससाठी सासऱ्यांना न्यायचं असतं. वटपौर्णिमा २१ तारखेला आहे, सात जणींना सकाळ मोकळी हवी. आमच्या दोघी ख्रिश्चन सिस्टर वर्षानुवर्षं गौरी-गणपतीला ड्युटी उचलतात आणि नाताळला बाकीच्या त्यांना सोडतात, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, ॲपने ते या खेपेला मोडलं असतं.

कोथरूडचा_कोडर | १३ जून, सकाळी ९:००

तीन पानं म्हणजे सोनं आहे. आता त्यांचे दोन ढीग करा. विश्रांती, आयसीयूत किमान एक जुनी, सलग तीन नाईटच्या वर नाही, नाईटनंतर उतार, हे न मोडणारे. बाकी वजनाचे. न मोडणारे फार भरू नका, नाहीतर ॲप 'यादी शक्य नाही' म्हणेल. आणि तसं म्हणालंच तर लगेच नियम काढू नका. आधी माणसांचा हिशोब करा. किती जणी आहेत आणि कुठल्या शिफ्टला किती लागतात?

वॉर्डवाली_ताई | १३ जून, दुपारी २:४५

मॉर्निंगला ४, इव्हनिंगला ३, नाईटला ३. यादीवर १४ आहेत पण एक बाळंतपणाच्या रजेवर, २६ आठवडे, आणि एकीने एप्रिलमध्ये सोडलं. म्हणजे १२, माझ्यासकट. आणि हो, ते 'यादी शक्य नाही' कालच आलं. लाल पट्टी.

कोथरूडचा_कोडर | १३ जून, दुपारी ३:३०

मग हे बघा. ४ गुणिले ६ तास, २४. ३ गुणिले ६, १८. ३ गुणिले १२, ३६. दिवसाचे ७८ तास, आठवड्याचे ५४६. तुमच्याकडे १२ जणी, प्रत्येकी ४८ तास, ५७६. आठवड्याला सगळे मिळून फक्त ३० तास शिल्लक. एक सिस्टर तापाने आठवडाभर पडली की ४८ गेले, म्हणजे तुम्ही उणे १८ मध्ये. इथं ॲप चुकत नाहीये, खरं बोलतंय. मला एक सांगा, रजिस्टर असताना हे कसं जमत होतं?

वॉर्डवाली_ताई | १३ जून, रात्री ११:५५

मी करत होते. कमी पडलं की मीच डबल ड्युटी. नाहीतर ९४ वाली.

लेस्टरची_नर्स | १४ जून, पहाटे ४:४०

ताई, हेच. आपल्याकडे लिस्ट भरली म्हणजे स्टाफ पुरेसा आहे असं वर समजतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात रजेसाठी म्हणून ३० टक्के जास्तीचा स्टाफ धरलेला आहे. तुमचे ५४६ भागिले ४८ म्हणजे सव्वाअकराच्या थोडं वर, त्यावर ३० टक्के म्हणजे १५ जणी. तुम्ही १२ मध्ये चालवताय. ती लाल पट्टी कागदावर छापा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नियम सैल करून ती पट्टी घालवू नका, कृपा करून.

नाईटवाली | १४ जून, सकाळी ९:२०

मॅडम, तुम्ही नियम लिहायला सगळ्यांना बसवलंत हे वाचून खूप बरं वाटलं. आमच्याकडे कोणी विचारलं नाही अजून.

वॉर्डवाली_ताई | ५ जुलै, रात्री १०:३०

उशिरा लिहितेय. लाल पट्टी आणि तो हिशोब घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. आधी म्हणाले इतकी वर्षं तर चाललं. मी मागच्या सहा महिन्यांतल्या माझ्या आणि ९४ वालीच्या डबल ड्युट्या तारखांसकट पुढे ठेवल्या, ३७ होत्या. बराच वेळ बघत बसले. एक सिस्टर १ तारखेपासून घेतली, दुसरीसाठी जाहिरात देतो म्हणाले. नाईटच्या वरच्या तीन तासांचं अकाउंटवाले बघतो म्हणालेत, अजून बघतायत, मी सोडलेलं नाही. रात्रीची गाडी सुरू झाली.

जुलैची लिस्ट अशी केली. विनंत्या प्रत्येकी तीन. १७ तारखेच्या आषाढीला दोघींना वारीच्या शेवटच्या टप्प्यात पंढरपूरला जायचं होतं, त्या जागा मी आधी हाताने भरून कुलूप लावलं. आयसीयूच्या नाईटही हाताने. उरलेलं ॲपने. एकूण वेळ पावणेदोन तास, आधी दोन-तीन रात्री जायच्या. अदलाबदल व्हॉट्सॲपवर बंद, ॲपमध्ये दोघींनी हो म्हणायचं आणि मग मी, त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय आलं त्याची नोंद राहते.

भोसरीकर | ६ जुलै, सकाळी ७:५०

पावणेदोन तास म्हणजे उत्तम. पुढच्या महिन्यात अजून कमी होईल. सणांची वही मात्र वेगळी ठेवा, महिन्याच्या मोजणीत सण हरवतात. आम्ही दिवाळी, गणपती, होळी, ईद, नाताळ असे रकाने करून तीन वर्षांचं मागे बघतो.

वॉर्डवाली_ताई | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

गौरी परवा गेल्या. १०, ११, १२ तारखेची लिस्ट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच लावली होती. ११ ला, पूजनाच्या दिवशी, नऊ जणींना ऑफ हवा होता आणि देता येत होते पाच. ॲपने पाच नावं काढली, पण ती मी तशीच लावली नाही, मागच्या तीन वर्षांचं रजिस्टर काढून सगळ्यांसमोर वाचलं, कोणाला कधी मिळाला होता. दोघी स्वतःहून मागे सरकल्या. उरलेल्या ज्या दोघींना मिळाला नाही त्यांना मॉर्निंग दिली, दोनला मोकळ्या होऊन घरी पुरणाला पोचल्या.

९४ वाली या वर्षी पहिल्यांदा तिन्ही दिवस घरी होती. काल डबा घेऊन आली, घावन-घाटलं.

दुसऱ्या सिस्टरची मुलाखत सोमवारी आहे. ऑक्टोबरची लिस्ट आज लावली.